अंगण वाकडं आहे का, ते आधी मोजू

"ताई,
दोन वर्षं झाली, दर सुट्टीच्या दिवशी मी पुस्तकातली एक नवी कृती घरी करून बघते. त्यासाठी छोटा ओव्हन घेतला, हँड मिक्सर घेतला, दोन नॉनस्टिक पॅन घेतले, डिजिटल काटाही आणला. पण भरवसा कशाचाच वाटत नाही. एकच केक तीनदा केला. पहिल्यांदा सुरेख झाला, दुसऱ्यांदा मधोमध बसला, तिसऱ्यांदा वरून करपला आणि आतून कच्चा राहिला. पुस्तकात लिहिलंय, 'कांदा दहा मिनिटांत गडद सोनेरी होईल.' मला पाऊण तास लागला. जो पॅन पहिल्या महिन्यात मी सगळ्यांना घ्यायला सांगत होते, त्याला आता अंडं चिकटतं. प्रत्येक फसलेल्या पानाच्या समासात मी 'जमलं नाही' असं लिहून ठेवते आणि तशी पानं आता खूप झाली आहेत. कुरकुर केली की मोठा भाऊ म्हणतो, 'नाचता येईना, अंगण वाकडं.' हल्ली मलाही वाटायला लागलंय की माझ्या हाताला चवच नाही. चूक माझी, भांड्याची की पुस्तकाची, हे ओळखायचं कसं? की पुस्तकं सरळ कुणाला तरी देऊन टाकू?
– एक वाचक"

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: कांद्याला पाऊण तास लागला. पाऊण तासच लागतो! चूक पुस्तकाची आहे, आणि याबाबतीत माझ्या मनात जराही शंका नाही. कांद्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणी असतं. ते पाणी उडून जात नाही तोवर पॅनमधला कांदा शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही. आपल्याला हवा तो खमंग तपकिरी रंग मुख्यतः ज्या अभिक्रियेतून येतो तिला फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामीय मायार यांचं नाव आहे. त्यांनी ती १९१२ साली मांडली. ती जोमाने चालायला साधारण १४० अंश तापमान लागतं. त्याखाली ती होते, पण फार सावकाश. दहा मिनिटांत कांदा मऊ होतो, पारदर्शक होतो, कडांना थोडा रंग येतो. 'दहा मिनिटांत गडद सोनेरी' हे वाक्य पुष्कळ पाककृतींमध्ये सापडतं, आणि ते वाचून किती जणांनी आच वाढवून कांदा जाळला असेल याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही जाळला नाहीत. रंग येईपर्यंत थांबलात. म्हणजे तुम्ही त्या कृतीची चाचणी नीट पूर्ण केलीत, आणि मग निकाल स्वतःच्या विरोधात लिहिलात. ते 'जमलं नाही' खोडा आणि तिथे '४५ मिनिटं, मंद आच' असं लिहा.

आता केक. इथे मी पुस्तकाची बाजू घेणार आहे. तिन्ही वेळा पुस्तक तेच होतं, एक अक्षरही बदललं नव्हतं. बदललं ते तुमच्या स्वयंपाकघरात. म्हणून आधी ओव्हनकडे बघू.

घरगुती ओव्हनची चकती १८० वर लावली म्हणजे आत १८० अंश असतात, हा समज मनातून काढून टाका. थर्मोस्टॅट ओव्हन तापवतो, बंद करतो, थोडा निवू देतो, पुन्हा तापवतो. त्यामुळे आतलं तापमान सतत वरखाली होत राहतं. पंधरा-वीस अंशांचा फरक पुष्कळ ओव्हनमध्ये असतो. त्यातच काही ओव्हन मुळातच चकतीपेक्षा गरम किंवा थंड चालतात. ओव्हनवरचा तापल्याची खूण देणारा दिवा विझला याचा अर्थ आतली हवा एकदा त्या तापमानाला पोचली, एवढाच. भिंती अजून थंड असतात, आणि दार उघडलं की ती गरम हवा बाहेर जाते. दिवा विझल्यावर आणखी वीस मिनिटं जाऊ द्या, मगच भांडं आत ठेवा. तिन्ही वेळा तुम्ही सारखंच थांबला होतात का, हे आठवून बघा. माझा पहिला संशय त्यावरच आहे.

ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. स्वयंपाकघरात आणखी एकच वस्तू घ्यायची असेल, तर ती हीच असावी असं मी म्हणेन. मधल्या जाळीवर तो ठेवा आणि अर्धा तास दर पाच मिनिटांनी काचेतून आकडा वाचून लिहा. त्या आकड्यांची सरासरी हे तुमच्या ओव्हनचं खरं तापमान. चकती १८० वर असताना सरासरी १९५ आली, तर ओव्हन दुरुस्तीला न्यायची गरज नाही. '१८० हवं तर १६५ वर लावा' अशी चिठ्ठी दाराशेजारी चिकटवली की झालं.

थर्मामीटर नसेल तर साखर आहे. घरातली साखर १८६ अंशांच्या आसपास वितळते. ओव्हन १७५ वर चांगला तापू द्या, एका लहान उष्णतारोधक वाटीत चमचाभर साखर पसरून पंधरा मिनिटं ठेवा. ती कोरडी, दाणेदार राहायला हवी. मग १९० वर ठेवा, आता वितळायला हवी. १७५ वरच वितळली तर ओव्हन जास्त गरम चालतो, आणि १९० वरही तशीच राहिली तर थंड. याने नेमका आकडा मिळत नाही, पण ओव्हनचा कल कुठे आहे ते समजतं.

आणि गरम कोपरे शोधायला ब्रेड. मधल्या जाळीवर स्लाइस एकमेकांना चिकटून मांडा, पूर्ण जाळी झाका, १८० वर रंग येईपर्यंत ठेवा. मग जसे होते तसेच क्रमाने बाहेर काढून ओट्यावर मांडा आणि फोटो काढा. तो तुमच्या ओव्हनचा नकाशा. लहान ओव्हनमध्ये वरचा रॉड अन्नाच्या फार जवळ असतो. 'वरून करपला, आतून कच्चा' हे लक्षण वाचूनच मला तो रॉड डोळ्यांसमोर आला. जाळी एक खण खाली घ्या, आणि वर रंग येऊन गेल्यावर उरलेल्या वेळात केकवर सैलसर फॉइल टाका.

केकच्या भांड्याचं माप तुम्ही लिहिलेलं नाही, ते नक्की बघा. पुस्तकात २३ सेंटिमीटरचं गोल भांडं सांगितलं असेल आणि आपण घरातलं २० सेंटिमीटरचं घेतलं, तर तीनच सेंटिमीटरचा फरक वाटतो. पण तळाचं क्षेत्रफळ ४१५ चौरस सेंटिमीटरवरून ३१४ वर येतं. तेवढंच मिश्रण एक तृतीयांश जास्त उंच उभं राहतं, आणि पुस्तकातल्या वेळेत त्याचं पोट शिजत नाही. २० सेंटिमीटरचं चौकोनी भांडं मात्र चालतं, त्याचा तळ ४०० चौरस सेंटिमीटरचा असतो.

मधोमध बसलेल्या केकची कारणं बरीच असू शकतात. तो काढला तेव्हा आत कच्चा असेल, दार लवकर उघडलं असेल, बेकिंग पावडर जास्त पडली असेल किंवा जुनी झाली असेल. पावडर तपासायला अर्धा मिनिट पुरतो: चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर ठीक. खायचा सोडा असेल तर पाण्याऐवजी व्हिनेगर. अंडीही एका आकाराची नसतात. कवच काढल्यावर मोठं अंडं पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतं, लहान चाळिशीच्या आत. तीन अंड्यांच्या केकमध्ये हा फरक जाणवतो. आणि बटर एकदा फ्रिजमधून काढल्याकाढल्या फेटलं, एकदा वितळायच्या बेतात असताना फेटलं, तर दोन वेगळे केक होतात.

आता मापांविषयी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण पुस्तकं आणि वाचक यांच्यातले बहुतेक गैरसमज याच जागी होतात. 'एक कप' हे माप देशागणिक बदलतं. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५० चा, जपानी २०० चा, आणि जुन्या ब्रिटिश पुस्तकांतला २८४ चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. पुस्तक कुठे छापलं आहे ते पहिल्या पानावर बघितल्याशिवाय कप हातात घेऊ नका. त्यात मैद्याची गोष्ट निराळीच. चमच्याने हलकेच कपात घालून वरून सपाट केला तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो, कप पिशवीत खुपसून भरला तर १५० पर्यंत जातो. एकाच बाईने, एकाच कपाने, दोन आठवड्यांत असं दोन तऱ्हांनी मापलं, तर एका केकमध्ये पाव हिस्सा मैदा जास्त पडतो. मिठाचंही तसंच. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास, पापुद्र्यांच्या जाड मिठाचा त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो. खारट झालं की आपण म्हणतो, हात चुकला.

मापं सपाट भरून घ्यायची शिस्त काही फार जुनी नाही. अमेरिकेत ती रुळवण्याचं श्रेय १८९६ साली आपलं पाकपुस्तक छापणाऱ्या फॅनी फार्मर यांना दिलं जातं. त्याआधी 'अंड्याएवढं लोणी' असं लिहिलेलं चालायचं. सपाट मापाने खूप फरक पडला, पण ज्या पुस्तकात ग्रॅम दिले आहेत ते मी आजही आधी उचलते.

काटा तुमच्याकडे आहेच. त्याचीही एकदा परीक्षा घ्या. एकच वस्तू मध्यभागी, मग चारही कडांना ठेवून बघा. आकडा तोच यायला हवा. अनेक काटे एखादी पूड चिमूट चिमूट टाकत गेलं तर ती मोजतच नाहीत, शून्याला चिकटून बसतात. म्हणून यीस्ट किंवा सोडा वेगळ्या वाटीत घेऊन ती वाटी काट्यावर ठेवा. एका ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर तीन ग्रॅम यीस्ट मोजण्यात अर्थ नाही, तिथे छोटा चमचाच बरा. काटा नीट निघाला की घरातले सगळे कप त्याच्यावर तपासा. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे कपभर पाण्याचं वजन केलं की कपाचं खरं माप कळतं. ते कपाच्या बुडाला लिहून ठेवा.

हे सगळं झालं की अंगण मोजून झालं. मग कृतीला हात घाला.

पहिल्या वेळी कृती जशी लिहिली आहे तशी करा. तुम्हाला पटत नसलं तरी. साखर जास्त वाटते म्हणून कमी करायची, घरात आहे म्हणून दुसरंच पीठ घ्यायचं, आणि मग कृती वाईट ठरवायची, हा पुस्तकावर अन्याय आहे. असं आपण सगळेच कधी ना कधी करतो. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. आणि निदान तीनदा केल्याशिवाय कुठल्याही कृतीवर मत बनवू नका. तुमचे तीन केक तुम्हाला अपयश वाटतात. मला ती अर्धी झालेली चाचणी वाटते, कारण सुरेख झालेला पहिला केक त्यात आहे. कृती खरी आहे आणि ती तुमच्या हातून होते, हे त्या केकने दाखवून दिलं आहे.

समासात निकाल लिहू नका, घडलं ते लिहा. 'बसला' यापेक्षा '३० मिनिटांनी दार उघडलं, मध्ये ओलसर होता, ३८ ला काढला' हे उपयोगाचं. पेन्सिल ओट्यावर ठेवा आणि करता करता लिहा. जेवणं आटोपल्यावर आठवून लिहिलेलं अर्धं चुकीचं असतं.

करायला घेण्याआधी कृती दोनदा वाचा, आणि तिची पारख करा. साहित्यात दिलेली एखादी वस्तू पुढे कृतीत कुठे येतच नाही असं आहे का? 'मध्यम भांडं' म्हटलंय पण माप नाही? फक्त मिनिटं दिलीत, की खूणही दिली आहे? मला सगळ्यात जास्त विश्वास खुणेवर वाटतो. 'कडा भांड्यापासून सुटू लागतील, मधोमध हलकं दाबलं की परत वर येईल' असं लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः ओव्हनसमोर उभं राहून केलेली असते. मिनिटं त्याच्या ओव्हनची असतात. खूण तुमच्याही ओव्हनमध्ये तशीच दिसते. 'मध्यम आच' हा शब्दही असाच, लिहिणाऱ्याच्या शेगडीपुरता खरा. आपल्या शेगडीच्या प्रत्येक बर्नरवर लिटरभर पाणी त्याच भांड्यात, झाकण ठेवून, उकळायला किती वेळ लागतो ते एकदा मोजून ठेवा. पुस्तकातली आच आणि आपली आच यांतलं अंतर लक्षात यायला लागतं.

पॅनबद्दल. नवा नॉनस्टिक पॅन पहिल्या महिन्यात चांगलाच वागतो, त्यात त्याचं काही कौतुक नाही. त्याची खरी परीक्षा तिसाव्या-चाळिसाव्या वापरानंतर असते. आणल्या दिवशी मध्यम आचेवर, तेलाशिवाय एक अंडं करून बघा, आणि दर महिन्याला तसंच, त्याच बर्नरवर करत जा. अंडं चिकटायला लागलं की कारण शोधा. पुष्कळदा लेप शाबूत असतो, त्यावर तेलाचा जळका, चिवट थर बसलेला असतो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ स्पंज घेऊन तो आधी काढून बघा. रिकामा पॅन मोठ्या आचेवर तापवायची सवय असेल तर मात्र ती आजच सोडा. २६० अंशांच्या वर हा लेप बिघडू लागतो, आणि रिकामा पॅन काही मिनिटांत तिथे पोचतो. त्या धुराने घरातले पाळीव पक्षी दगावू शकतात. लेप सोलला असेल तर तो पॅन बाजूला काढा.

दोन पॅनपैकी कोणता सारखा तापतो ते बघायचं असेल तर नॉनस्टिकमध्ये रिकामं तापवण्याऐवजी पातळसर मिश्रणाचा एक पॅनकेक घाला आणि उलटून त्याचा रंग बघा. गडद वर्तुळ दिसलं तर उष्णता ज्वाळेपुरतीच राहते आहे. यामागे धातूचा स्वभाव असतो. तांबं स्टीलच्या वीसपट किंवा त्याहूनही चांगली उष्णता वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियम पंधरापटीच्या आसपास, बिडाचं लोखंड तीनपट. म्हणूनच चांगल्या स्टीलच्या भांड्याच्या बुडात अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, आणि बिडाचं भांडं मंद आचेवर आठ-दहा मिनिटं तापवल्याशिवाय वापरलं तर ते मधे जाळतं, कडेला कच्चं ठेवतं. अशा वेळी भांड्याला नावं ठेवली जातात, चूक घाईची असते.

हँड मिक्सरबद्दल थोडक्यात: त्यावरचे वॅट म्हणजे तो खातो ती वीज. फेटायला किती जोर देतो ते त्यावरून कळत नाही. घट्ट मिश्रणात दोन मिनिटं चालवून बघा. आवाज बदलला, जळका वास आला, तर ते काम त्याच्याकडून घेऊ नका. आणि धुवायला किती वेळ लागतो तेही मोजा.

राहिली चव. घरातल्यांना 'कसं झालंय?' असं विचारलं की उत्तर तुमच्या चेहऱ्याकडे बघून मिळतं. त्यापेक्षा तीन सारख्या वाट्या घ्या. दोनांत एक प्रकार, तिसऱ्यात दुसरा, म्हणजे पुस्तकाप्रमाणे केलेला आणि तुम्ही एक गोष्ट बदललेला. तिन्ही सारख्या गरम हव्यात, मधे घोटभर पाणी. 'वेगळी वाटी कोणती?' एवढंच विचारा. नुसता अंदाज केला तरी तीन वेळांत एकदा उत्तर बरोबर येतं. ओळीने तीनदा बरोबर यायची शक्यता मात्र सत्तावीसांत एक. चव मोजणारे व्यावसायिक लोकही ही पद्धत वापरतात. तुमच्या भावाला या कामाला बसवा. त्यांना तीनदा वेगळी वाटी ओळखता आली नाही, तर तुम्ही केलेला तो बदल चवीला काही करत नाही. मग ती महागडी किंवा वेळखाऊ पायरी वगळायला तुम्ही मोकळ्या.

हाताला चव नाही, हे तुम्ही लिहिलंत ते वाचून मी पत्र खाली ठेवलं. ज्यांच्या हाताला चव आहे असं आपण म्हणतो, त्यांच्यातल्या एकीला मी अगदी जवळून पाहिलंय. माझी आई मुठीने पीठ घ्यायची. एकदा हट्टाने मी तिच्या पाच मुठी काट्यावर घातल्या. एका मुठीत आणि दुसरीत दोन-तीन ग्रॅमचा फरक. तीस वर्षं तेच भांडं, तीच शेगडी, तीच मूठ. तिने लिहिलं काहीच नाही, पण मोजलं रोज. तुम्ही दर आठवड्याला नवी कृती करता, नव्या मापांनी, कधी नव्या भांड्यात. हाताला काही लक्षात राहायला तुम्ही त्याला वेळच दिलेला नाही. पुढचे दोन महिने तरी नव्या कृती थांबवा आणि हा केक पुन्हा पुन्हा करा.

पुस्तकं देऊ नका, निदान आत्ता नको. प्रत्येकातून तीन कृती निवडा: एक तुम्हाला आधीपासून येते ती, एक सगळ्यात सोपी, आणि एक जिच्यासाठी ते पुस्तक घ्यावंसं वाटलं ती. केकचे दोन महिने संपले की त्या करून बघा. ज्या पुस्तकाच्या तिन्हींत खुणा धड नाहीत आणि वेळा कांद्यासारख्या अशक्य आहेत, ते खुशाल द्या.

या सुट्टीला काहीच शिजवू नका. ओव्हन तापवून आकडे लिहा, ब्रेड मांडा, कप तोला. आकडे आणि ब्रेडचा फोटो मला पाठवा, सोबत केकच्या भांड्याचं माप आणि पुस्तक कुठे छापलंय तेही. कोणता कोपरा गडद आलाय ते दिसलं की जाळी कुठल्या खणात ठेवायची ते कळवते.